टेकडीवरची मोळी

मुठाकाठ · रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, परवा सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

वेताळ टेकडीवर आमचा सात-आठ जणांचा ग्रुप गेली नऊ वर्षं फिरायला जातो. सध्या ग्लिरिसिडिया फुललीय. त्या गुलाबी फुलांचे फोटो 'पुण्यातला चेरी ब्लॉसम' म्हणून टाकायचा मोसम, आम्हीही तेच करत उभे होतो. समोरून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन उतरत आली. साठीची असेल. पायात रबरी चप्पल, जवळ कोयता नाही, काही नाही. मोळी त्याच ग्लिरिसिडियाच्या वाळक्या काटक्यांची, साडीच्या चिंधीनं बांधलेली.

आमच्यातले एक ज्येष्ठ (मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, नाव कशाला) तिला म्हणाले, "ए बाई, हे फॉरेस्ट आहे. तुमच्यासारख्यांमुळे टेकडी बोडकी होते."

"वाळकं हाय सायेब. वलं मोडलं न्हाई."

"ते गार्डला सांगा." आणि यांनी फोन काढला. ग्रुपवर टाकायला फोटो.

बाईनं मोळी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. मी गप्प होतो म्हणून असेल, माझ्याकडं बघून म्हणाली, "ती पिवळी बिल्डिंग हाय न्हवं, गेटापाशी गाड्या लावत्यात? तिथं माझी सासू गवऱ्या थापायची. तवा कुनी फोटू न्हाई काढला."

आणि मोळी तिथंच टाकून उतरून गेली.

पिवळ्या बिल्डिंगमध्ये मी राहतो. तिला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. आम्ही फेरी पूर्ण केली, खाली येऊन नेहमीचं इडली-सांबार खाल्लं.

माझ्या सोसायटीत तीन बोअर आहेत, त्यातली दोन आटलीत. एप्रिल-मेमध्ये दिवसाला सहा टँकर येतात. इमारतीच्या मागे टेकडीची धार सरळ कापलेली दिसते, पावसाळ्यात तिथून मुरूम वाहून पार्किंगमध्ये येतो. या सगळ्याला अतिक्रमण म्हणत नाहीत, कारण त्याचे कागद आहेत. पाच किलो काटक्यांना म्हणतात. टेकडी वाचवायची म्हणजे कोणाला अडवायचं, हे नेमकं ठरवतं कोण? की ज्याला अडवणं सोपं, त्यालाच आपण अडवतो?

·

नारायणपेठी · रविवार, दुपारी १२:०५

प्रसंग छान रंगवलाय, पण निष्कर्ष भावनिक. राखीव वनातून लाकूड नेणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे, वाळकं असो की ओलं. वाळकं लाकूड कुजलं तर माती होते, वाळवी आणि किडे जगतात, त्यावर पक्षी. आज एक बाई, उद्या पन्नास. आणि २०१६ पासून उज्ज्वला आहे की. सरपण कशाला लागतं अजून?

बाकी 'ए बाई' म्हणणं चूकच, त्याबद्दल दुमत नाही.

·

सईची_आई · रविवार, दुपारी १२:४०

नारायणपेठी, शेगडी मिळते हो, सिलिंडर दर वेळी विकतच घ्यावा लागतो. आमच्या पोळीवाल्या मावशींकडे गॅस आहे. त्यावर चहा आणि भाजी. पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी घरामागच्या तीन विटांच्या चुलीवर. सिलिंडर दोन-अडीच महिने पुरवायचा असतो. आपण गीझरचं बटण दाबतो त्याची वीजही कुठून तरी येतेच ना, फक्त त्याचा धूर आपल्या डोळ्यांत जात नाही.

·

उच्छ्वास · रविवार, दुपारी ३:३०

माझं टोपणनाव विचित्र वाटतं अनेकांना, आज त्याचा उपयोग करून घेतो. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत नानासाहेब पेशव्यांच्या काळात जो नळ बांधला, त्यावर ठरावीक अंतरानं हवा खेळायला आणि गाळ काढायला मनोरे ठेवले होते. त्यांना उच्छ्वास म्हणतात. हे पाणी गुरुत्वानं यायचं, पंप नाही, वीज नाही. स्थापत्य म्हणून आजही तोंडात बोट घालावं असं. आम्ही हेरिटेज वॉकला लोकांना काळा हौद दाखवतो, सदाशिव हौदाची गोष्ट सांगतो, लोक वा वा करतात.

मग एखादं शाळकरी पोर विचारतं, "इथं पाणी कोणीही भरायचं का?" आणि वॉक जरा शांत होतो.

उत्तर आपल्या शहरातच आहे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. खुला करावा लागला, म्हणजे बाकीचे बंद होते. पाणी तेच, कात्रजच्या डोंगरातलं किंवा जमिनीतलं. कोणाची घागर बुडेल हे ठरवायला ना पाऊस लागत होता ना गुरुत्व. सत्तेशिवाय 'निसर्ग आणि माणूस' असं नातं पुण्यात कधी होतं, असं मला तरी दिसत नाही.

अवांतर: त्याच फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. पाचदहा जनावरं राखून, रानातला पाला, फळं, मोळ्या यांवर गुजराण करणाऱ्या गरिबाचं रान खात्यानं ताब्यात घेतलं, ही त्यांची तक्रार. १८७८ चा वन कायदा येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्याच पुस्तकात डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी मुरवा हेही आहे. म्हणजे मोळीची बाजू घेणारा माणूस मातीच्या विरोधात होता असं काही नाही.

·

टेलचा_शेतकरी · रविवार, रात्री ९:१५

मी दौंड तालुक्यातला. पुण्यात लेकीकडं आलो की हा अड्डा वाचतो, लिहितो कमी.

पुण्याची चार धरणं. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला. मिळून २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर थोडं. खडकवासला १८७९ चं, इंग्रजानं बांधलं ते शेताला पाणी आणि शहर-लष्कराला पाणी अशा दोन्हींसाठी. आता नवा मुठा उजवा कालवा तुमच्या स्वारगेट-हडपसरातून आमच्याकडं येतो. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सोडायचं, किती दिवस, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. पालकमंत्री अध्यक्ष. आम्ही आमदाराच्या मागं उभं राहतो. शहराची मागणी आधी धरायची आणि उरलं त्यात आमची उन्हाळी बसवायची, हा रिवाज. माणशी १३५ लिटरचं माप कागदावर आहे. शहराचा उचल त्याच्यावर कसा जातो, हा वाद दरसाल पेपरात वाचायचा.

बदल्यात काय, तर मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) बेबी कालव्यात सोडलेलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी. प्रक्रिया केलेलं म्हणतात. फेस बघितलाय का कोणी? मी बघितलाय. त्यात पाय घालून दारं धरली की पोटऱ्यांना खाज सुटते.

पण खरं बोलायचं तर खरं बोलू. शहराला शिव्या देऊन आम्ही सुटत नाही. आमच्याकडं पण हेडला, कालव्याच्या तोंडाशी, ऊस आन टेलला, शेवटाला, ज्वारी. चारीवर, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या पाटावर, रात्री कोणाचं दार उघडतं आणि कोणाचं पाटकऱ्याला 'दिसत' नाही, हे घराण्यावर आहे. कालव्यात थेट पाइप टाकून उचलणारे आमच्यातच. माझं रान टेलला का, तर आजोबा वाटणीत धाकटे होते, बोलता येत नव्हतं. आमच्या खाली आणखी एक वस्ती आहे. तिथल्या लोकांना रानच नाही, त्यामुळं टेलसुद्धा नाही. त्यांच्या बायका आमच्या विहिरीवर येतात. पूर्वी येऊ देत नव्हतो. हे लिहायला मला आवडत नाही पण लिहितो.

·

मुठाकाठ · रविवार, रात्री ९:५०

काका, दंडवत. यावर काय लिहावं कळत नाही.

·

दांडेकरपूल · रविवार, रात्री ११:३२

दौंडच्या काकांचा तोच कालवा २७ सप्टेंबर २०१८ ला आमच्याकडं फुटला. जनता वसाहतीजवळ. सकाळी अकराची वेळ, बरीच माणसं कामावर गेलेली. पाणी दौंड-इंदापूरचं, भिंत कालव्याची, भांडीकुंडी आमची. उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर खापर फुटलं. आईच्या लग्नातला पितळी डबा दोन गल्ल्या पुढं सापडला, आत गाळ.

पुढच्याच वर्षी २५ सप्टेंबरला रात्री आंबिल ओढा आला. माणसं गेली. तेव्हा सगळ्या शहराला एकदम कळलं की ओढ्यात घरं आहेत. घरं कशी आली हे कोणी विचारलं नाही. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याचा प्रवाह वळवला, त्यामुळं पेठा वाढायला जागा झाली. पुढं वरच्या अंगाला कात्रज-सहकारनगरकडं भिंती येत गेल्या, पात्र अरुंद झालं. ओढा वळवणारे वेगळे, अडवणारे वेगळे, आणि बुडणारे ठरलेले. जून २०२१ मध्ये ऐन पावसाच्या तोंडावर घरं पाडायला जेसीबी आले, त्या दिवशी आमच्या बायका आडव्या पडल्या. मुठाकाठ, तुमच्या टेकडीच्या ग्रुपमधून कोणी आलं होतं का? खोचक नाही, खरंच विचारतोय.

·

मुठाकाठ · सोमवार, सकाळी ७:०५

नाही. मला ती बातमी आठवते. मी ती वाचून शेअर केली होती. आलो नव्हतो.

·

नारायणपेठी · सोमवार, सकाळी १०:१८

हे सगळं वाचतोय, वाईटही वाटतंय. पण आता दुसरी बाजू मांडू द्या, नाहीतर हा धागा 'मध्यमवर्गीयांना झोडा' या वळणानं जाईल.

वेताळ टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगदे काढायचं चाललं होतं. त्याविरुद्ध २०२३ मध्ये रस्त्यावर कोण उतरलं? हेच सकाळी फिरणारे. नदीकाठ सुशोभीकरणात झाडं जाणार म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोणी झाडांना मिठ्या मारल्या? माहिती अधिकार टाकणारे, हरकती नोंदवणारे, वकील लावणारे हेच. ही माणसं नसती तर मोळीवाल्या बाईला काटक्या वेचायला टेकडी शिल्लक राहिली असती का? इडलीवाल्या ज्येष्ठांची भाषा चुकली, पण कदाचित त्यांच्याच सहीनं टेकडी उभी आहे.

·

सईची_आई · सोमवार, सकाळी १०:५५

हा मुद्दा एकदम मान्य. फक्त एक बघा. हरकत नोंदवायला मसुदा लागतो, पीडीएफ वाचता यावी लागते, सुनावणीला कामाच्या दिवशी दुपारी जावं लागतं. मावशींनी खाडा केला तर पैसे कापतात. (आम्ही नाही कापत. बरं, एकदा कापले होते.) टेकडी वाचवणाऱ्यांच्या सह्यांत त्यांची सही नसते आणि नंतर फलक लागतो तेव्हा त्यावर 'लाकूडतोड, चराई, कपडे धुणे यांस मनाई' असतं. तिन्ही कामं त्यांच्याच घरातली. 'एसयूव्ही घेऊन पायथ्यापर्यंत येण्यास मनाई' असा फलक मी अजून पाहिला नाही.

·

गवत्या · सोमवार, दुपारी १:४०

वनस्पतींची आवड, डिग्री नाही. ग्लिरिसिडियाबद्दल राहवत नाही म्हणून.

हे झाड इथलं नाही, मध्य अमेरिकेतलं. लवकर वाढतं, बुंध्यापासून छाटलं तरी फुटतं, म्हणून आपल्या टेकड्यांवर भरमसाट लावलं. या टेकड्यांचा उतार मुळात गवताळ आणि झुडपी, कुसळी-पवन्याचा. खालच्या गावांची गुरं चरायची, गवत कापलं जायचं. शहरातून बघणाऱ्याला ते 'बोडकं' दिसलं. बोडकं दिसतंय म्हणून लावा झाडं, आणि झाडं लावली म्हणून आता गुरं बंद. म्हणजे हिरवं काय आणि उजाड काय, ही नजरसुद्धा कोणाची तरी असते. गुराख्याला विचारलं असतं तर त्यानं त्याच उताराला भरलेलं रान म्हटलं असतं. चंडोल आणि माळटिटवीचं मत विचारायची सोय नाही, पण त्यांनाही उघडा माळच लागतो.

गंमत म्हणजे ग्लिरिसिडियाची वाळकी काटकी नेणं हे टेकडीचं नुकसान आहे की उपकार, यावर दोन तज्ज्ञ तास-दीड तास भांडू शकतील. बाईला ते ऐकायला वेळ नाही.

·

आजोळ_मुळशी · सोमवार, रात्री ८:२५

मुळशीचं नाव कोणी कसं घेतलं नाही अजून?

टाटांच्या वीज कंपनीनं निळा-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. वीज मुंबईच्या गिरण्यांना. १९२१ मध्ये रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे. 'जान किंवा जमीन'. धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणतात त्याला, आणि आपण अभिमानानं सांगतो. तो हरला कसा, हे कमी सांगतो.

सरकारनं भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीसाठी वापरला. तरी मावळे जागचे हलत नव्हते. पण पोटात एक गाठ होती. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या झाल्या होत्या, कसणारा मावळा कूळ. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम. भाव बरा मिळाला की त्याचा प्रश्न मिटला, आणि त्याचा मिटला म्हणजे 'जमीनमालकांचा' मिटला. कुळाला त्या खोऱ्यातला आंबेमोहर भात, देवराई, नदीची कोंड, वाडवडिलांची थडगी, कशाचाच भाव लावता येत नव्हता, आणि लावायला बोलावलंही नाही कोणी. १९२४ च्या अखेरीस लढा संपला.

माझी पणजी तिथली. आजी सांगायची, ती म्हातारी पुढं कधीही तळ्याकडं तोंड करून जेवायला बसायची नाही. घरात पहिला बल्ब लागला तेव्हा पणजी जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आता तिथं शनिवार-रविवारी लोक 'लेक व्ह्यू'ला येतात. 'व्ह्यू' खरंच सुंदर आहे, मीही फोटो काढतो.

·

पुस्तकी_किडा · सोमवार, रात्री ९:१०

निसर्ग कोणाच्या वाट्याला येतो हे सत्ता कशी ठरवते, याच्या अभ्यासाला राजकीय परिस्थितिकी म्हणतात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि इतिहासकार रामचंद्र गुहांनी आपल्या देशासाठी एक ढोबळ विभागणी केली होती. आसपासच्या परिसरावर थेट जगणारे, कुठूनही काहीही ओढून आणू शकणारे, आणि पहिल्यांतले जे उखडले जाऊन शहराच्या कडेला येतात ते परिस्थितिकी-निर्वासित. मुळशीची पणजी, टँकरवाली सोसायटी आणि दांडेकर पूल हे तिन्ही इथेच भेटले.

गाडगीळांच्या आणखी एका कामाची आठवण झाली. मानववंशशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. फासेपारधी फास लावून हरणं-काळवीट धरायचे, नंदीवाले कुत्री घेऊन घोरपड-साळिंदराच्या मागे, वैदू पाण्यातले मासे-कासवं आणि छोटे मांसाहारी प्राणी. एकाच माळावर तिघं, पण एकमेकांच्या ताटात हात नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तिघंही एका रात्रीत गुन्हेगार. कायदा हवाच होता, पण हौसेखातर बंदूक घेऊन जाणारे संस्थानिक आणि पोटासाठी फास लावणारा पारधी एकाच ओळीत बसले, आणि पकडला जायला पारधीच सोपा. वरचा पहिलाच प्रश्न.

·

नारायणपेठी · सोमवार, रात्री ९:२२

जातव्यवस्था म्हणजे निसर्गसंवर्धन, असा अर्थ काढायची पळवाट मात्र ठेवू नका. काही लोक तेही म्हणतात.

·

पुस्तकी_किडा · सोमवार, रात्री ९:३०

शंभर टक्के सहमत. वाटणी होती तशी उतरंडही होती. माळ वाटून मिळाला, हौद मिळाला नाही. वर उच्छ्वास यांनी लिहिलंच आहे.

·

फुरसुंगीकर · मंगळवार, दुपारी २:१५

तुमच्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि आमच्या हद्दीत. विहिरीचं पाणी पिवळट, भांड्याला चिकट. प्यायला टँकर. सोयरीक जमवायला पाहुणे आले की आम्ही वाऱ्याची दिशा बघून वेळ द्यायचो. हसू नका, खरंच. २०१७ मध्ये गावं शहरात घेतली, पुढं पुन्हा वेगळी काढायचं ठरलं. दोन्ही वेळा कचरा जागेवर.

आणि शहरात तुमच्या दारात ओला-सुका वेगळा करणाऱ्या बायका, त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. १९९३ मध्ये त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली म्हणून निदान ओळखपत्र आणि बोलायला जागा झाली. त्यांनी वेगळं केलं नसतं तर आमच्याकडचा डोंगर आणखी किती चढला असता, याचा हिशेब करा कधीतरी. वसुंधरा दिनाच्या कार्यक्रमात खुर्ची मात्र अजून चेरी ब्लॉसमवाल्यांनाच.

·

टेलचा_शेतकरी · मंगळवार, रात्री ८:४०

मग करायचं काय? मुलगा विचारतो.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला मी एकदा सहलीनं गेलो होतो. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवलेलं गाव, बांबू स्वतः विकतं. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांचं जमेपर्यंत बसायचं. आमच्या चारीवर असं बसलो तर पहिल्या आवर्तनाच्या आत खून पडेल. तरी मागल्या वर्षी हेडचे दोन आणि टेलचे आम्ही तीन, एका पाणी वापर संस्थेच्या खोलीत बसलो. चार बैठका झाल्या. एक झाली बरी. रात्रीचं दार आता दोघांच्या समोर उघडतं. खालच्या वस्तीचं अजून कोणी नाही त्यात. पुढच्या बैठकीला मी विषय काढणार आहे. वडीलधारे काय म्हणतील माहीत आहे.

·

मुठाकाठ · पुढचा रविवार, सकाळी ९:००

अपडेट.

पाच दिवस मी एकटाच अर्धा तास लवकर जात होतो. काल पावणेसहाला भेटली. आता ती आमच्या आधी येते, अंधारातच. मला बघून थांबली. मी काय बोलावं याची तयारी केली होती, त्यातलं काही सुचलं नाही. "मावशी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, "बोलून काय व्हतंय? जरा हात लावा वर."

मोळी उचलून डोक्यावर द्यायची होती. पाच किलो लिहिलं होतं मी वर, ते दुरुस्त करतो. पंधराच्या खाली नसेल. दोन्ही हातांनी उचलताना माझी पाठ कळली. उतरताना एका जागी दगड सुटा आहे, तो तिनं पायानं बाजूला सारला, न बघता. मी त्याच वाटेवर नऊ वर्षं चालतोय आणि त्याच दगडावर दोनदा पडलोय.

तेवढ्यात ग्रुप आला. ज्येष्ठांनी मला पाहिलं, मोळीला पाहिलं, फोन खिशातच राहिला. मला म्हणाले, "तू पण?" दिवसभर ग्रुपवर शांतता. इडलीला मला कोणी हाक मारली नाही.

·

टेलचा_शेतकरी · पुढचा रविवार, सकाळी ९:४०

डोक्यावर चुंबळ होती का तिच्या?

·

मुठाकाठ · पुढचा रविवार, सकाळी ९:४४

होती. जुन्या ओढणीची.

·

टेलचा_शेतकरी · पुढचा रविवार, सकाळी ९:५१

मग ठीक. नुसत्या डोक्यावर ग्लिरिसिडिया टोचते. पुढच्या वेळी उचलताना गुडघ्यातनं वाका, कंबरेतनं नाही.